‘ठग’ शब्द व ठगांची ‘रामसी’ बोली

इ. स. १८३६ सालीं कंपनी सरकारनें त्या वर्षाचा तिसावा कायदा मंजूर केला. कोणी मनुष्य ठगांच्या कोणत्याही टोळींत सामील होता असें शाबीत झाल्यास त्यास जन्मभर सक्तमजुरीची कैद व्हावी, असा त्या कायद्याचा आशय आहे. तो सामील झाला तें कायद्यापूर्वीं कीं नंतर, कंपनीच्या मुलुखांत कीं बाहेर, याचा विचार करण्याचें कारण नाहीं. अमक्यानें अमक्याचा गळा अमुक दिवशीं आवळला हेंही दाखवावयास नको. तो ठग होता एवढें दाखविलें म्हणजे पुरे. असें असूनही ‘ठग’ म्हणावें कोणास, याची व्याख्या त्या कायद्यांत मुळींच दिलेली नाहीं. कायदा करणारांस ती देण्याची आवश्यकता वाटली नाहीं, कारण त्यांच्या मतें त्या शब्दाचा अर्थ सर्वांस ठाऊक होता. हा अर्थ खरोखर कोणास व किती ठाऊक होता, आणि तो कोठून आला, याचाच शोध प्रस्तुत लेखांत घेण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मराठी वाचकास हा शब्द परका नाहीं. संस्कृत ‘स्थग’ म्हणजे धूर्त, लबाड. त्यापासून प्राकृतांतून आपला ‘ठक’ व हिंदुस्थानींतील ‘ठग’ निघाला, हें सर्वमान्य आहे. मराठींत ‘ठकणें’ व ‘ठकविणें’ हीं क्रियापदें, ‘ठकबाजी’ हें नाम, आणि शेरास सव्वाशेर भेटला असतां वापरावयाचा ‘महाठक’, हीं सारीं याच कुळांतलीं. मोल्सवर्थच्या कोशांतही ठक म्हणजे फसविणारा हाच अर्थ मुख्य धरलेला आहे. या सर्व परिवारांत फांसाचा, रुमालाचा वा खुनाचा मागमूस नाहीं. आई मुलास ‘मला ठकवितोस काय?’ म्हणून विचारते, त्यांत लाडापलीकडे कांहीं नसतें.

उत्तरेकडील जुन्या फारशी ग्रंथांतही हीच स्थिति आहे. जलालुद्दीन खिलजीच्या कारकीर्दींत, म्हणजे इ. स. १२९० ते १२९६ च्या दरम्यान, दिल्लींत सुमारें एक हजार ठग पकडले गेले व सुलतानानें त्यांस ठार न मारतां नावांत घालून लखनौतीकडे, म्हणजे बंगाल्यांत, सोडून दिलें, अशी हकीकत झियाउद्दीन बरनी देतो. ठगांच्या इतिहासावर लिहिणारे बहुतेक ग्रंथकार याच हकीकतीपासून आरंभ करितात आणि या परंपरेस एकदम साडेपांचशें वर्षांचें वय प्राप्त करून देतात. परंतु बरनीच्या मजकुरांत गळा आवळण्याचा उल्लेख नाहीं. ते हजार इसम वाटमारे होते, भामटे होते कीं आणखी कोणी होते, हें त्या एका शब्दावरून ठरत नाहीं. शब्द एक म्हणून वस्तुही एक, असें गृहीत धरून केलेलें हें अनुमान आम्हांस मान्य नाहीं. फांस टाकून वाटसरूस मारणारे लोक दिल्ली-आग्र्याच्या वाटेवर होते असें सतराव्या शतकांतील फ्रेंच प्रवासी थेवनो लिहितो. पण त्यांस ठग म्हणत असत असें तो सांगत नाहीं. एके ठिकाणीं नांव आहे, कृत्य नाहीं. दुसऱ्या ठिकाणीं कृत्य आहे, नांव नाहीं.

दक्षिणेंत तर नांवच निराळें होतें. मद्रास इलाख्यांतील डॉक्टर शेरवुड यानें १८१६ सालीं अशा खुनी लोकांविषयीं एक निबंध लिहिला, त्यांत त्यांस तो ‘फांसीगार’ म्हणतो. कानडी मुलुखांत त्यांस ‘तंती कळ्ळरु’, म्हणजे तांतीचे चोर, म्हणत असल्याचें तो नमूद करितो. हीं नांवें कृत्यावरून पडलेलीं आहेत, लबाडीवरून नव्हेत. (आपल्याकडील फांसेपारधी या नांवांतही ‘फांस’ आहे, पण तो हरणा-तितरांसाठीं मांडलेला. नुसत्या शब्दसाम्यावरून या दोहोंची सांगड घालण्याचा मोह कोणास होऊं नये.) उत्तरेंत १८१० सालीं जनरल सेंट लेजर यानें रजेवर जाणाऱ्या शिपायांस सावध करण्यासाठीं एक हुकूम काढिला. रोकड जवळ बाळगूं नये, हुंडीनें पैसा पाठवावा, वाटेंत अनोळखी मनुष्याकडून कांहीं खाऊं नये, अशी त्यांत ताकीद आहे. कारण ठग आधीं धोतरा किंवा तसेंच कांहीं गुंगीचें औषध चारतात आणि मग गळा दाबतात, असें त्यांत सांगितलें आहे. पुढें वीस-पंचवीस वर्षांनीं धोतरा घालणारे निराळे व खरे ठग निराळे, असा काटेकोर भेद इंग्रज अधिकारीच करूं लागले. म्हणजे १८१० चा ठग आणि १८३६ चा ठग हे इंग्रजी दप्तरांतसुद्धां एक नव्हत.

हा भेद पक्का करण्याचें श्रेय किंवा अपश्रेय मुख्यत: विल्यम हेन्री स्लीमन याजकडे जातें. १८२२ पासून कांहीं वर्षें तो नर्मदेकांठच्या नरसिंहपूर जिल्ह्याचा कारभार पाहत होता, आणि पुढें जबलपुरास ठगांच्या बंदोबस्ताचें काम त्याच्या हातीं आलें. त्याच्या खटपटीनें १८४० पर्यंत साडेतीन हजारांवर लोकांचे खटले झाले व त्यांपैकीं चारशेंवर फांशीं गेले. बाकीच्यांपैकीं बहुतेक काळ्या पाण्यावर किंवा तुरुंगांत गेले. या उद्योगांतून १८३६ सालीं कलकत्त्यास त्याचा ‘रामसीआना’ नामक ग्रंथ प्रसिद्ध झाला. ठगांची म्हणून एक स्वतंत्र गुप्त भाषा आहे, तिचें नांव ‘रामसी’, आणि हा तिचा कोश, असें त्या ग्रंथाचें स्वरूप आहे. कायदा आणि कोश एकाच वर्षीं निघावेत, ही गोष्ट आम्हांस केवळ योगायोगाची वाटत नाहीं. कायद्यानें जी व्याख्या दिली नाहीं, ती या कोशानें पुरविली.

या कोशांतील कांहीं शब्द पाहूं. मात्र एक इशारा आधींच दिला पाहिजे. हे शब्द स्लीमननें रोमन अक्षरांत, त्या काळच्या इंग्रजी धाटणीनें लिहिले आहेत. मूळ ध्वनि त कीं ट, द कीं ड, ऱ्हस्व कीं दीर्घ, हें पुष्कळ ठिकाणीं सांगतां येत नाहीं. आम्हीं दिलेलीं नागरी रूपें त्या मर्यादेंतच समजावींत. ज्याच्या उच्चाराचीच निश्चिति नाहीं त्याच्या व्युत्पत्तीवर इमले रचणें धाडसाचें होय.

टोळींत वाटसरूंशीं गोड बोलून त्यांस लावून घेणारा तो ‘सोठा’; गळ्यास रुमाल घालणारा ‘भुरतोट’; त्या वेळीं सावजाचे हात धरणारा ‘समसिया’; खड्डा खणणारा ‘लुघा’. मारण्यास सोईची म्हणून निवडलेली जागा ती ‘बेल’. मारण्याची खूण म्हणून जें वाक्य बोलावयाचें तें ‘झिरनी’, आणि तें तमाखू आणण्या-खाण्याविषयींचें अगदीं साधें वाक्य असे. सर्व ठीक आहे, आतां पुढें या, हें कळविण्यासाठीं बाजिद किंवा बाजिदखान या नांवानें हांक मारावयाची. ठग तो ‘औला’ आणि ठग नसलेला सारा जनलोक तो ‘बिट्टू’. अनोळखी टोळी भेटली असतां आपली ओळख पटविण्यास ‘औले भाई, राम राम’ किंवा ‘औले खान, सलाम’ म्हणत. जवळून जाणाऱ्यास कोणा अलीखानास सलाम केला एवढेंच वाटावें.

सर्वांत लक्ष देण्याजोगा शब्द ‘बनिज’ हा आहे. बनिज म्हणजे माल, व्यापार. संस्कृत ‘वाणिज्य’ व आपला ‘वाणी’ यांचाच हा भाऊबंद. ठगांच्या बोलींत मारण्याजोगा वाटसरू म्हणजे बनिज, आणि त्यास मारणें म्हणजे ‘बनिज लादणें’, मालाची गोणी लादणें. या एका शब्दांत त्या धंद्याचें सारें क्रौर्य आहे, आणि त्या धंद्याकडे पाहण्याची त्या लोकांची दृष्टीही आहे. मनुष्य मारणें त्यांच्या लेखीं वाणीपणा होता. सावज हें त्यांच्या हिशेबीं नगांत मोजावयाचें होतें. देवीला अर्पण करावयाच्या बळीस कोणी ‘माल’ म्हणत नाहीं.

आतां वादाचा मुख्य मुद्दा. रामसी ही भाषा होती काय? आमच्या मतें नव्हती. तिला स्वतंत्र व्याकरण नाहीं, सर्वनामें नाहींत, क्रियापदांचीं रूपें हिंदुस्थानीचींच आहेत. ज्या कांहीं नामांवर व क्रियापदांवर कोशाची उभारणी आहे तीं बव्हंशीं धंद्यापुरतीं आहेत: मनुष्याचे प्रकार, खड्ड्याचे प्रकार, शकुनाचे प्रकार, लुटीचे प्रकार. अशी सांकेतिक बोली प्रत्येक बंदिस्त धंद्यांत असते. आपल्याकडील व्यापाऱ्यांत गिऱ्हाइकास कळूं नये म्हणून अंकांचीं निराळीं नांवें चालत आलीं, तिला नंदभाषा म्हणतात. गुरांच्या बाजारांत दलाल हातावर रुमाल टाकून त्याखालीं बोटें दाबून भाव ठरवितात. त्या रुमालाखालीं फार तर एखाद्या शेतकऱ्याचा बैल जातो. बोली गुप्त आहे एवढ्यावरून बोलणारांचा एक पंथ आहे, एक राष्ट्र आहे, एक धर्म आहे, हें ठरत नाहीं. स्लीमनच्या कोशांतच निरनिराळ्या प्रांतांच्या टोळ्यांचे एकाच वस्तूस निरनिराळे शब्द दिलेले आहेत. सबंध हिंदुस्थानभर पसरलेल्या एकसूत्री संघटनेस तें फारसें पोषक नव्हे.

धर्माचा प्रश्न याहून नाजुक आहे. लुटीनंतर गूळ वांटून खाण्याच्या विधीस ‘तपौनी’ म्हणत. गूळ सव्वा रुपयाचा असे. हा गूळ एकदां ज्यानें चाखला तो पुन्हां दुसऱ्या धंद्यास लागत नाहीं, अशा अर्थाचें फिरंगिया नांवाच्या प्रसिद्ध माफीच्या साक्षीदाराचें बोलणें स्लीमननें टिपून ठेविलें आहे. खड्डा खणण्याच्या कुदळीस ‘कस्सी’ म्हणत व तिची पूजा करीत. डाव्या बाजूचा शकुन ‘पिल्हाऊ’, उजवीकडचा ‘थिबाऊ’. या सर्वांवरून ठगी हा भवानीचा एक उग्र संप्रदाय होता, असें चित्र उभें राहिलें, आणि तेंच पुढें जगभर पसरलें.

महाराष्ट्रांतील वाचकास या चित्रांतील प्रत्येक रेषा ओळखीची वाटेल, आणि म्हणूनच त्याला शंका यावी. सव्वा रुपया ही रक्कम आपल्या घरोघरच्या पूजेंत ठेवतात. हत्याराची पूजा दसऱ्यास लोहार, सुतार, शेतकरी व शिपाई सारेच करितात. ‘कस्सी’ हा शब्द तर उत्तरेंत आजही शेतकऱ्याच्या हातांतल्या साध्या अवजाराचा आहे. देवाला डावा-उजवा कौल लावल्यावांचून आपल्या खेड्यांत सोयरीक होत नसे, आणि मोठमोठे सरदार मुहूर्त पाहून डेऱ्याबाहेर पडत. भवानी ही तुळजापुरास सबंध महाराष्ट्राची कुलदैवत आहे. शिवाय ठगांत मुसलमान पुष्कळ होते व तेही भवानीस मानीत, याचें इंग्रज ग्रंथकारांस मोठें कोडें पडे. ज्यानें आपल्याकडील पीर व उरूस पाहिले आहेत त्यास तें पडण्याचें कारण नाहीं. ठग देवीस भजत होते हें खरें. पण देवीस भजण्यासाठीं ते मारीत होते, हें त्या शब्दांतून निघत नाहीं. तें त्या शब्दांत घातलेलें आहे.

घातलें कोणी? एकट्या स्लीमनला दोष देणेंही न्यायाचें नव्हे. शब्द सांगणारे माफीचे साक्षीदार होते. त्यांपैकीं पुष्कळांवर गुन्हा शाबीत झालेला असे. त्यांची शिक्षा अमलांत यावयाची कीं नाहीं, हें ते साहेबांच्या किती उपयोगीं पडतात यावर अवलंबून असे. अशा मनुष्यास आपल्या धंद्याची जुनी परंपरा, त्याचे विधि, त्याचे गुप्त शब्द फुलवून सांगण्यांत लाभच होता. आपण देवीच्या इच्छेनें केलें, आपल्या मनानें नव्हे, असें म्हणण्यांत समाधानही होतें. विचारणारास जें ऐकावयाचें होतें आणि सांगणारास जें सांगावयाचें होतें, तें येथें एकमेकांस मिळालें. बखरींतील मजकूर तपासतांना बखरकार कोणाच्या आश्रयास होता हें आपण प्रथम पाहतों. तोच निकष या कोशास कां लावूं नये?

यावरून ठग नव्हतेच, ती सारी इंग्रजांची कल्पना, असें मात्र कोणीं समजूं नये. असें लिहिण्याकडे अलीकडे कांहींचा कल दिसतो, आणि तो आम्हांस पहिल्या अतिशयोक्तीइतकाच चुकीचा वाटतो. साक्षीदारांनीं दाखविलेल्या जागा खणल्यावर प्रेतें निघालीं. नरसिंहपुरास आपल्या कचेरीपासून चारशें यार्डांवरील कंदेली गांवांत ठगांची टोळी राहत होती आणि आपणांस त्याची वार्ताही नव्हती, हें स्लीमननें स्वत:च लिहून ठेविलें आहे. आपल्या कारभाराचा असा कमीपणा कोणी उगाच रचून सांगत नाहीं. मेलेले वाटसरू खरे होते. वाद आहे तो मारणारांच्या नांवाविषयीं, त्यांच्या संघटनेविषयीं आणि त्यांच्या हेतूविषयीं. हिरालाल गुप्त यांनीं १९५९ सालीं, कंपनीच्या राज्यविस्तारानें झालेल्या उलथापालथीशीं ठगीचा संबंध जोडून जुन्या समजुतीस हात घातला. स्ट्युअर्ट गॉर्डन यांनीं १९६९ सालीं, ठग म्हणजे स्थानिक जमीनदारांच्या आश्रयानें चालणाऱ्या लुटारू टोळ्या, असा पक्ष मांडिला. फ्रेंच विदुषी मार्टिन व्हान वोरकेन्स यांनीं १९९५ सालीं रामसीच्या शब्दांचाच स्वतंत्र अभ्यास केला. किम वाग्नर यांच्या २००७ च्या ग्रंथांत स्लीमनपूर्वींचे, इटावा जिल्ह्यांतील १८१० च्या सुमाराचे, जबान्यांचे कागद तपासलेले आहेत, आणि आमच्या मतें सर्वांत भरीव काम तेंच होय.

या इटाव्याकडील कागदांतून मराठी इतिहासाशीं थेट संबंध असलेली एक गोष्ट पुढें येते. यमुना-चंबळेच्या दुआबांत सिंदौस म्हणून परगणा आहे. तेथें शिंद्यांचा अंमल असतां ठगांच्या घरांवर कर घेतला जात असे. म्हणजे तेथें ‘ठग’ हें कोणा गुप्त पंथाचें नांव नव्हतें. गांवच्या पट्टींत चढलेली एक वहिवाटीची वर्गवारी होती. ठग आपलें उत्पन्न दूरच्या वाटांवर मिळवीत, गांवीं शेती करीत आणि जमीनदारास व सरकारास हिस्सा देत. ही व्यवस्था नीतीस धरून होती असें आमचें म्हणणें नाहीं. ज्यास वाटसरूच्या प्राणाची किंमत ठाऊक आहे त्यास तिची शरमच वाटेल. पण पेंढाऱ्यांकडून पालपट्टी घेणाऱ्या दौलतीनें हेंही केलें, यांत आश्चर्य नाहीं. १८१२ त कंपनीची फौज सिंदौसवर चालून गेली, ठग तेथून पांगले आणि बुंदेलखंड व माळव्याकडे गेले. त्यानंतर त्यांच्या नांवामागची ती गांवठी वहिवाट नाहींशी झाली, व एकटा शब्द राहिला.

तो शब्द मग फार दूर गेला. हैदराबादच्या निजामाच्या नोकरींत असलेला मेडोज टेलर यानें १८३९ सालीं एका ठगाच्या कबुलीजबाबाच्या रूपानें कादंबरी प्रसिद्ध केली, ती विलायतेंत अतिशय खपली. (हाच टेलर पुढें नळदुर्ग जिल्ह्याचा कारभारी झाला व तुळजापूर त्याच्या हाताखालीं आलें.) इंग्रजींत ‘ठग’ शब्द रूढ झाला तो याच सुमारास, नंतर अमेरिकेंत त्याचा अर्थ रस्त्यावरचा दांडगा गुंड असा झाला. त्यांत आतां ना फसवणूक उरली, ना रुमाल. मूळ धूर्ताचा गळेकापू, गळेकापूचा गुंड, असा हा प्रवास आहे. आणि मराठींत मात्र ‘ठकसेन’ म्हटलें कीं अद्याप खोट्या कागदांवर पैसे लाटणाराच डोळ्यांपुढें येतो. यामुळें मोडी कागदांत ‘ठक’ आढळला असतां त्याचें ‘ठग’ असें इंग्रजी वळणाचें भाषांतर करूं नये. तेथें बहुधा कोणी तरी कोणास तरी फसविलेलें असतें, मारलेलें नसतें.

कायद्यास व्याख्या मिळाली ती चोवीस वर्षांनीं. १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या ३१० व्या कलमांत, खुनासह दरोडा किंवा मुलें पळविणें यासाठीं इतरांशीं नेहमीं संगनमत ठेवणारा तो ठग, असें ठरविलें आहे. तींत फांस नाहीं, भवानी नाहीं, रामसीही नाहीं. तोंपर्यंत शेंकडों माणसें त्या शब्दाखालीं जन्मभर कोंडलीं गेलीं होतीं. हें कलम १ जुलै २०२४ पर्यंत पुस्तकांत राहिलें. त्या दिवसापासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेंत तें नाहीं.

ठगीसाठीं उघडलेलें खातें मात्र ठग संपल्यावरही बंद झालें नाहीं. त्यास दरोडेखोरीचें काम जोडलें, आणि १९०४ सालीं त्यांतून मध्यवर्ती गुप्त पोलीस खातें निघालें. जन्मावरून गुन्हेगार ओळखण्याची जी रीत ठगांच्या बाबतींत पडली, ती १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यांत शिरली, आणि १९११ च्या कायद्यानें मुंबई इलाख्यासही लागू झाली. या वेळीं शब्दांचा प्रवाह उलट दिशेस वाहिला. ‘ठग’ हें कृत्याचें नांव जातीचें झालें होतें. आतां ‘भामटा’ या नांवाच्या लोकांचें नांव आणि ‘भामटा’ म्हणजे खिसेकापू हा बोलीतला अर्थ यांतील भेदच पुसला गेला. आधीं जात कीं आधीं शिवी, यावर जाणत्यांतही एकमत नाहीं. रामोशांवर तर दुहेरी प्रसंग आला. गडकिल्ल्यांची व गांवांची राखण करणारे हे लोक. उमाजी नाइकास १८३२ सालीं पुण्यास फांशीं दिल्यावर त्या नांवास दप्तरांत दरोड्याचा वास चिकटला. त्यांत ‘रामसी’ आणि ‘रामोशी’ यांच्या ध्वनिसाम्यावरून कांहीं संबंध जुळविण्याचा मोह होण्यासारखा आहे. त्यास आम्हांस कोणताही आधार दिसत नाहीं. रामसी बोलीचे नोंदलेले शब्द हिंदुस्थानी वळणाचे आहेत, आणि स्लीमनच्या साक्षीदारांचा मुलुख नर्मदा, माळवा, बुंदेलखंड व अयोध्येकडचा आहे. १९११ चा कायदा व त्याचा १९२४ चा सुधारलेला अवतार ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं रद्द झाला. भामटा आणि रामोशी हीं दोन्ही नांवें आज महाराष्ट्र शासनाच्या विमुक्त जातींच्या यादींत आहेत.